जेवणाच्या टेबलावरची इंग्रजी

बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझ्या अलकापुरीच्या ऑफिसने सहीसाठी दिलेला कागद वाचला. ऑफिसच्या आवारात सर्व वेळ फक्त इंग्रजी. माझं डोकं फिरलं ते ‘सर्व वेळ’वर.

इंग्रजी शीक असं मी सांगणार नाही, ती तुला माझ्याहून बरी येते. मराठीचा अभिमानही सांगत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात, मराठी वस्तीत वाढलीस, तुला काय सांगायचा? तू फक्त एक विचार: हे कामासाठी आहे का? अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, बोल इंग्रजी. त्याच्या हिशेबाच्या फायलीत शेरा मारायचा, इंग्रजीतच मार. तो लाइनवर असताना शेजारणीशी गुजरातीत कुजबुज नको, हेही रास्त. पण डबा खाताना तुम्ही दोघी मराठीत बोललात, त्याने कुणाचं टॅक्स रिटर्न चुकलं?

तुझा टीम लीडर म्हणतो, अमेरिकेत असंच असतं. नसतं. नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने 1980 मध्येच म्हटलं की सर्व वेळ इंग्रजीची सक्ती भेदभावाचीच धरली जाईल. ठरावीक वेळी चालेल, पण धंद्याची गरज दाखवावी लागेल. अर्थात कोर्टांनी ते नेहमी मानलं नाही. कॅलिफोर्नियातल्या एका मांस कारखान्याचा इंग्रजीचा नियम 1993 मध्ये अपील कोर्टाने उचलून धरला: आपल्या भाषेबरोबर इंग्रजीही येणाऱ्याला तो पाळता येतो, मग तक्रार कसली? कॅनडातल्या क्वेबेकने मात्र 1977 च्या कायद्यात ओझं मालकावर टाकलं. फ्रेंचशिवाय दुसरी भाषा मागतोस? मग कामाला ती लागते हे तू सिद्ध कर. बघ, सगळं फिरून तिथेच येतं. कामासाठी आहे का?

आपल्याकडे खाजगी मालकाला थेट अडवणारा कायदा नाही, हे आधीच समजून घे. घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं, आणि त्याच्या यादीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, भाषा नाही. म्हणून कोर्टाच्या गोष्टी करू नकोस. पण कायदा अडवत नाही म्हणून माणसाने विचारूही नये? अगं, ह्याच गावात घरात मराठी बोलणाऱ्या गायकवाडांनी कारभार गुजरातीत चालवला, कारण रयतेची भाषा ती.

माझं सांगतो. रासायनिक कारखान्यात शिफ्ट माझ्याकडे होती. लॉगबुक इंग्रजीत लिहा म्हणाले, लिहिलं. मग धोक्याच्या पाट्याही फक्त इंग्रजीत करायला निघाले. कारण विचारलं, तर म्हणे ऑडिटला बरं दिसतं. ॲसिडच्या लाइनखाली ऑडिटर उभा राहतो का? हेल्पर राहतो. 1948 च्या फॅक्टरी कायद्याचं कलम 108 सांगायचं, कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत हव्यात. मी तसं अर्जात लिहून दिलं. गुजराती पाट्या राहिल्या, आणि माझं प्रमोशनही राहिलं. तुझी काकू आजही म्हणते, गोडीत घेतलं असतं तर दोन्ही झालं असतं. नसतं झालं. गोडीत घेणाऱ्यांना केबिन मिळाल्या, आणि त्यांच्या शिफ्टला मी गुजराती पाटी लागलेली पाहिली नाही. हट्टी म्हणतात मला, म्हणू देत. घराचे हप्ते मलाही होते.

असो, विषय तुझा आहे. लगेच सही करू नकोस, नाहीही म्हणू नकोस. एचआरला मेल कर: नियम कोणत्या कामाला, कोणत्या वेळात, सुट्टीतही आहे का, मोडला तर काय. तोंडी उत्तर घेऊ नकोस. तोंडी उत्तराला उद्या धनी नसतो. आणि ‘वातावरण बिघडेल का काका’ हे पुन्हा विचारायचं नाही. जेवताना माणसांची तोंडं बंद केली, त्या वातावरणात बिघडायचं काय उरलंय?

मसुदा रविवारी घेऊन ये, दुपारी चारनंतर. इंग्रजीतच लिही, तो कामाचा आहे.

तुझा,
काका