अडीच मीटर सुतळी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात तू मुलांपुढे ऑर्कावर, म्हणजे समुद्रातल्या काळ्या-पांढऱ्या ‘किलर व्हेल’वर, बोलणार आहेस, त्याचं टिपण वाचलं. मेहनत दिसते. पण पहिल्याच ओळीत ‘आईची माया’ आली आणि पानभर तीच राहिली. ऑर्का पिल्लासाठी काय करते, ते शेवटी चार वाक्यांत उरकलंस. हे आधी घे.

झोपेपासून सुरू कर. जन्मानंतर महिनाभर पिल्लू आणि त्याची आई जवळजवळ झोपतच नाहीत, पोहत राहतात. (हे तलावात ठेवलेल्या ऑर्कांवर पाहिलेलं आहे, तेवढं सांगायला विसरू नकोस.) पिल्लू आईच्या कुशीला लागून असतं. तिच्या पोहण्यानं पाण्याला जी ओढ येते, तिच्यात त्याचे श्रम वाचतात. दूधही पोहता पोहताच, एका वेळी जेमतेम काही सेकंद. आणि पिल्लाच्या अंगाचा पांढरा भाग तेव्हा केशरट दिसतो. घरात बाळंतीण पाहिलेली मुलं इथे कान टवकारतील बघ.

मग आजीकडे ये. टिपणात ती नाहीच, याचं मला वाईट वाटलं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायकेल बिग यांनी १९७०च्या दशकात पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग यांच्या फोटोंवरून एकेक ऑर्का ओळखायला सुरुवात केली. म्हणून तिथल्या घराण्यांच्या पिढ्या आज ठाऊक आहेत. सॅल्मन माशांवर जगणाऱ्या या ऑर्कांत मुलगा काय, मुलगी काय, आईला जन्मभर सोडत नाहीत. चाळिशीच्या आसपास मादीची पिल्लं होणं थांबतं, पण पुढे ती कित्येक वर्षं जगते. मासा कमी असला की अशा वयस्क माद्या पुढे होऊन वाट दाखवतात. अशी आजी गेली, तर पुढच्या दोन वर्षांत नातवंड दगावण्याचा धोका वाढतो. आई तर वाढलेल्या मुलालाही मासा तोडून अर्धा देते. दांडिया बाजारातल्या घरांतून आजीच्या हाताखाली वाढलेल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. फक्त सगळ्या ऑर्कांना हे लावू नकोस. गटागणिक त्यांचं खाणं वेगळं, रीत वेगळी.

आता ताहलेक्वा नावाच्या ऑर्का मादीबद्दल. २०१८ साली तिनं मेलेलं पिल्लू १७ दिवस वाहून नेलं. तू तिथे ‘काळीज फाटलं’ लिहिलंस, ते काढ. पिल्लू निसटायचं, ती खोल बुडी मारून ते पुन्हा वर आणायची, एवढंच सांग आणि क्षणभर थांब. तिच्या कळपाला चिनूक जातीचा सॅल्मन पुरत नाही, हेही सांग. मुलं लहान आहेत म्हणून गाळू नकोस.

येताना अडीच मीटर सुतळी कापून आण. नवजात पिल्लू साधारण तेवढं लांब असतं. देवमाशाच्या सांगाड्याखाली दोन मुलांना टोकं धरून उभं कर आणि बाकीच्यांना मापू दे. रविवारी मी मागच्या रांगेत बसेन.

तुझे सर