स्टर्लिंगच्या किल्ल्याभोवती धावताना

प्रश्न : माझी मुलगी स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात शिकायला जाणार आहे. किल्ल्याच्या त्या चढणीच्या गावात तिचा रोजचा धावण्याचा सराव टिकेल का?

उत्तर : अवश्य टिकेल. विद्यापीठ टेकडीवर नसून खाली सपाटीकडे, एअर्थ्री तळ्याभोवती वसलेले असल्याने सुरुवातीचे आठवडे तळ्याकाठच्या वाटेवरच धावणे इष्ट. पाय सरावल्यावर फोर्थ नदीवरील जुना दगडी पूल, जो आता केवळ पादचारी व सायकलस्वारांसाठी आहे, ओलांडून ‘बॅक वॉक’ ही सोळाव्या शतकातील तटबंदीलगत किल्ल्याकडे चढणारी झाडीतली वाट धरावी. आमच्या मते गावातील सर्वांत देखणा मार्ग हाच, मात्र पावसात तो निसरडा होतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळत असल्याने तेव्हा ही वाट सकाळी उजाडल्यावरच घ्यावी.