वाचणारी माणसं ऑनलाइन कुठे भेटतात?

प्रश्न : ताई, मी वाशीमला असते, आसपास वाचणारं कोणीच नाहीये. गुडरीड्स या पुस्तकांना तारे द्यायच्या, मतं लिहायच्या साइटवर मराठी पुस्तकं सापडत नाहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या वाचक ग्रुपवर नुसत्या पीडीएफ आणि गुड मॉर्निंग. काय करू?

उत्तर : अगं, गुड मॉर्निंगवर माझ्याकडेही औषध नाही! गुडरीड्सवर एकच पुस्तक कुणी देवनागरीत टाकलेलं असतं कुणी रोमनमध्ये, म्हणून दोन्हीत शोध, नाहीतर मागच्या कव्हरवरचा ९७८ ने सुरू होणारा १३ आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टाकून बघ, जुन्या पुस्तकांवर तो नसतोच म्हणा. सापडलं की तारे-बिरे सोड, खाली मराठीत चार ओळी लिहिणाऱ्यांना गाठ, कमेंट टाक, स्वतःही लिही, माणसं अशीच जमतात. पीडीएफचं म्हणशील तर लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून त्यांनी हयातीत छापलेलं सगळं २०११ पासून खुलं, पण आजच्या लेखकाचं पुस्तक स्कॅन करून फिरवणं म्हणजे सरळ चोरी. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने फुकट ई-पुस्तकं देतं, ती टाक की ग्रुपवर.