अवलिया, अहवाल आणि माझा लाडका अफलातून

प्रश्न असा आलाय: साहेबांच्या निरोप समारंभाच्या पत्रिकेत 'अवलिया व्यक्तिमत्त्व' छापलं, त्यावर ऑफिसातल्या एका जाणकारांनी हरकत घेतली की अवलिया हे अनेकवचन, एका माणसाला लावता येत नाही. तर बरोबर काय, आणि अवलिया, वल्ली, अफलातून यांत फरक काय?

आधी माझी तक्रार. हल्ली कोणीही अवलिया होतो. आमच्या चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय, गॉगल, गळ्यात दोन चेन आणि खाली 'अवलिया नेतृत्व'. अहो, अवलिया म्हणजे ज्याला स्वतःच्या कपड्यालत्त्याची शुद्ध नाही तो! लोकांनी शेगावच्या गजानन महाराजांना अवलिया म्हटलं, आणि हा पठ्ठ्या स्वतःचाच फोटो बारा फुटी करून लावतो.

आता ते जाणकार. अरबीत वली म्हणजे देवाच्या जवळचा, त्याचं अनेकवचन अवलिया, इथपर्यंत त्यांचं बरोबर, पुढे घसरले. मग त्यांनी 'अहवाल सादर केला' म्हणणंही बंद करावं, कारण अहवाल हे 'हाल'चं अनेकवचन आहे (आणि तिकडे एकवचनी असलेले हाल आपल्याकडे 'झाले' होतात, घ्या!). 'बडी असामी' तर त्याहून वाईट, कारण इस्म म्हणजे नाव, त्याचं अनेकवचन अस्मा, त्याचंही अनेकवचन असामी, आणि आपण ते एकाच शेठजीला चिकटवतो. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया (म्हणजे अवलियाच) १३२५ साली वारले, तेही एकटेच होते की. त्यामुळे एक असेल तर अवलिया, दोन दिसले तर अवलिये, विषय संपला.

खरी मजा अफलातूनमध्ये आहे. अफलातून म्हणजे प्लेटो, ग्रीक तत्त्ववेत्ता. मूळ ग्रीक नाव प्लातोन. अरबीत 'प' नाही, म्हणून 'फ' आला, आणि शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून पुढे 'अ'चा टेकू लावला, जसं आमची आजी स्टूलला इष्टूल म्हणायची अगदी तसं. शेवटचा 'न' अरबांनी सांभाळला, लॅटिनवाल्यांनी तो टाकला म्हणून इंग्रजीतून आपल्याला प्लेटो मिळाला. म्हणजे एकच माणूस दोन दारांनी घरात आला आणि आपण ओळखलंच नाही. त्याचा चेला अरस्तू, म्हणजे ॲरिस्टॉटल, पुस्तकातच राहिला, अरस्तूचा चेला मात्र 'नशिबाचा सिकंदर' म्हणून आला.

आणखी पुढे ऐका. आख्यायिका अशी की प्लातोन हे त्याचं टोपणनाव, खांदे रुंद म्हणून पडलेलं. ग्रीक 'प्लातुस' म्हणजे रुंद, आणि त्याचा सख्खा संस्कृत भाऊ 'पृथु', ज्याच्यावरून पृथ्वी. म्हणजे अफलातून आणि पृथ्वी एकाच घरातले! हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, बायकोला उठवून सांगितलं, तिने कूस बदलली.

हिंदीत 'बड़ा अफलातून बनता है' हा टोमणा असतो, मराठीत मात्र मिसळही अफलातून आणि बॅटिंगही अफलातून. मुंबईत तर महंमद अली रोडला अफलातून नावाची मावा घातलेली मिठाईच मिळते. मराठीत कौतुक का? माझं मत (कोशात शोधू नका, माझं आहे) असं की हा त्या टेकूच्या 'अ'चा प्रताप. अपूर्व, अलौकिक, असामान्य, अफाट, अचाट, आपल्याकडे अचंब्याचे शब्द 'अ'वरून सुरू व्हायची सवयच आहे, त्या रांगेत हा परका 'अ' गुपचूप उभा राहिला. यावर एका संस्कृतप्रेमी काकांनी मला 'अ-फल-अतुल' अशी फोड पाठवली. काका, मग उरलेला 'न' कुठे वाळत घालायचा?

अरे हो, वल्ली राहिलीच. ती माझ्या मते त्याच वलीची, फक्त देवाजवळून उठून कट्ट्यावर येऊन बसलेली, त्यामुळे तिच्यात भक्ती कमी आणि खोड्या जास्त.

पत्रिका छापून झाली असेल तर राहू द्या. पण साहेब तीस वर्षं पावणेदहाला मस्टरवर सही करणारे असतील तर 'अवलिया' खोडा, 'व्यक्तिमत्त्व' ठेवा.