हसवायला जाऊ नकोस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला, मग तुझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. लोक हसले नाहीत म्हणून फ्लँडर्स आणि स्वॉनचं 'द गॅस मॅन कमेथ' हे विनोदी गाणं आता जुनं झालं असं तू ठरवून मोकळी झालीस, ते मला अजिबात पटलेलं नाही. अगं, सोमवारी गॅसवाला येतो, त्याने उचकटलेलं बसवायला सुतार, सुताराचा खिळा वायरीत म्हणून इलेक्ट्रिशियन, त्याचा पाय खिडकीतून आरपार म्हणून काचवाला, मग रंगारी, आणि रंगाऱ्याने गॅसच्या नळावरच रंग फासल्यामुळे पुन्हा सोमवारी गॅसवाला! घरात काम काढलेल्या कुणाला हे जुनं वाटेल? गाणारा माणूस खराखुरा वैतागलाय, त्याला यात काही गमतीचं दिसतच नाहीये. आणि तू प्रत्येक ओळीआधी स्वतःच हसलीस. हसवायला जाऊ नकोस गं.

फ्लँडर्स आणि स्वॉन, विनोदी गाणी करणारी ही इंग्लिश जोडी, 31 डिसेंबर 1956 ला लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या एका छोट्या थिएटरात उभी राहिली, म्हणजे फ्लँडर्स तर पोलिओमुळे व्हीलचेअरवर बसूनच गायचा आणि स्वॉन पियानोवर, नाच नाही, सेट नाही, तरी तो शो वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या मोठ्या थिएटरांच्या भागात जाऊन दोन वर्षांहून जास्त चालला. कशावर? प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, यावर. त्यांचं 1963 चं 'स्लो ट्रेन' ऐक, बंद होणाऱ्या रेल्वे स्टेशनांची नुसती नावं आहेत बहुतेक, ती सरळ म्हटली की गळा दाटून येतो.

मी हे उगीच सांगत नाही. तुझ्या वयाचा असताना इथल्या एका हौशी मंडळात मला गिल्बर्ट-सुलिव्हनच्या जुन्या इंग्लिश विनोदी ऑपेरातलं मेजर-जनरलचं भरभर म्हणायचं गाणं मिळालं होतं, शब्द गिल्बर्टचे. मी डोळे फिरवले, गुडघे नाचवले, स्पीड वाढवला. टाळ्या पडल्या, पण गिल्बर्टच्या त्या अफाट यमकांतलं एकही कुणाला कळलं नाही. स्वतः गिल्बर्ट तालमीत नटांच्या मागे लागायचा, कितीही वेडगळ असू दे, मनापासून खरं मानून करा. ते मला फार उशिरा कळलं, आणि त्यानंतर याच मुद्द्यावर भांडून मी ते मंडळ सोडलं. हट्टी म्हणाले मला. म्हणू देत, मी बरोबर होतो, आजही तेच म्हणेन, हसवायला जायचं नाही.

तुझा आवाज गोड आहे, त्याची मला काळजीच नाही. शनिवारी फोन कर. पियानो नको, चाल नको, अख्खं गाणं नुसतं बोलून दाखव, शेजाऱ्याकडे तक्रार केल्यासारखं.

तुझा काका