सातवीतल्या मुलासाठी सुपरहिरो आणि डिस्टोपियन कादंबऱ्या कोणत्या?

प्रश्न: मुलगा सातवीत आहे. मार्वलचे सगळे सिनेमे तोंडपाठ, पण पुस्तक हातात धरत नाही. सुपरहिरोंच्या किंवा ‘हंगर गेम्स’सारख्या बिघडलेल्या भविष्याच्या कादंबऱ्या सुचवाल का? इंग्रजी चालेल, मराठीत असतील तर उत्तमच. फार हिंसक नको.

उत्तर: आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर रविवारी सकाळी मी मुलांचं वाचनालय चालवते. दोन कपाटं, एक रजिस्टर, आणि सहावी ते नववीची वीसेक पोरं. त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच.

‘हंगर गेम्स’चं नाव तुम्ही घेतलंत, तर आधी तेच बाजूला ठेवते. सुझन कॉलिन्सची ही 2008 ची कादंबरी मला स्वतःला फार आवडते. विशेषतः तो धान्याचा भाग: घरात दाणा नसेल तर जादा धान्य मिळतं, पण त्या बदल्यात, जीवघेण्या खेळात कुणी उतरायचं ते ठरवणाऱ्या सोडतीत, पोराने स्वतःच्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची. म्हणजे घर जितकं गरीब, तितकं त्या पोराचं नाव निघण्याची भीती जास्त. एवढ्या एका नियमात ते सगळं राज्य कळतं. पण बारा ते अठरा वयाची चोवीस मुलं एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि ते सारं तपशिलात आहे. ‘फार हिंसक नको’ म्हणताय, तर आठवी-नववीपर्यंत थांबा.

सुरुवात जीन डुप्रॉ यांच्या ‘द सिटी ऑफ एम्बर’ने करा. 2003 चं पुस्तक. या शहराला आकाश नाही, ऊन नाही, फक्त विजेचे दिवे. जनरेटर म्हातारं झालंय आणि गोदामातले बल्ब संपत आलेत. बारा वर्षांचं झालं की शाळा संपली. महापौरांच्या पिशवीतून चिठ्ठी उचलायची, तिच्यावर लिहिलेलं असेल ते काम. लीनाला निरोप्या व्हायचंय, तिला मिळतं जमिनीखालच्या पाइपांचं काम. डूनचं नेमकं उलटं. आपण भारनियमनात वाढलो, आपल्याला दिवे गेल्यावर घर कसं गप्प होतं ते ठाऊक आहे. इन्व्हर्टरवर वाढलेल्या पोरांना ते पहिल्यांदा या पुस्तकात कळतं. पुढे एक जुना कागद सापडतो, पण लीनाच्या तान्ह्या बहिणीने तो चघळून ठेवलेला असतो, आणि पुस्तकात तो तसाच छापलाय, अर्धे शब्द गायब. माझ्या लेकाने तो वहीत उतरवून घेतला आणि दोन रात्री पेन्सिलीने रिकाम्या जागा भरत बसला. हा मुलगा गणिताच्या वहीला हात लावायला तयार नसायचा, हे जाता जाता.

त्यानंतर मार्गारेट पीटरसन हॅडिक्स यांचं ‘अमंग द हिडन’ (1998). बारीकसं आहे, दोन दिवसांत होतं, आणि न वाचणाऱ्या मुलाला ‘संपवलं’ म्हणायला मिळणं ही काही छोटी गोष्ट नाही. तिसरं मूल असणं हाच गुन्हा, म्हणून ल्यूक माळ्यावर लपून वाढतो. एक दिवस त्याला समोरच्या घराच्या खिडकीत एक चेहरा दिसतो. त्या घरची दोन्ही मुलं तर बाहेर गेलेली असतात! मुलांशी यावर बोलताना मी सांगते की आपल्याकडेही तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. लगेच वाद सुरू होतो. होऊ द्यावा.

लोइस लाउरी यांचं ‘द गिव्हर’ (1993) मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते, कारण ते सर्वांत चांगलं आहे आणि सर्वांत सावकाश चढतं. भांडण नाही, भूक नाही, दुःख नाही असं गाव. योनास मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी खेळत असतो आणि हवेतल्या हवेत क्षणभर त्या सफरचंदाचं काहीतरी बदलतं. काय, ते मी सांगणार नाही. आठवीतली एक मुलगी पुस्तक परत द्यायला आली ती टेबलावर वाकून हळूच म्हणाली, “काकू, सफरचंदाचं मला कळलं, पण आईला सांगू नका, ती आता वाचणारे.” 2014 चा सिनेमा मात्र आधी दाखवू नका, त्यात हे गुपित सुरुवातीलाच फुटतं. आणि शेवटाकडे एका तान्ह्या बाळाचा प्रसंग आहे. तो तुम्ही स्वतः आधी वाचून ठेवा; हळवं मूल असेल तर त्या दिवशी जवळपास राहा.

सुपरहिरोंबाबत खरं सांगायचं तर हा मुळात चित्रांचा प्रकार. पडद्यावर सगळं पाहिलेल्या मुलाला कागदावरची उडी फिकी वाटते. म्हणून ब्रँडन सँडरसन यांचं ‘स्टीलहार्ट’ (2013) द्या, कारण त्यात सगळा खेळच उलटा आहे: ज्याला शक्ती मिळते तो दुष्ट होतो, आणि त्यांच्याशी लढणारी माणसं साधी. डेव्हिडच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांना मारलेलं असतं. तेव्हापासून तो या शक्तिमानांचे कच्चे दुवे वहीत टिपतोय. त्याच्या उपमा इतक्या भयंकर असतात की आमची पोरं त्या एकमेकांना वाचून दाखवतात. गोळीबार भरपूर, पण तुमच्या मुलाने सिनेमात पाहिलाय त्यापेक्षा जास्त नाही. कॉमिक्सला तुमची हरकत नसेल तर कमला खानचं ‘मिस मार्व्हल’ही आणा. कॉमिक म्हणजे वाचन नव्हे, असं मी मानत नाही. समित बसूंचं ‘टर्ब्युलन्स’, म्हणजे लंडनहून दिल्लीला येणाऱ्या विमानातल्या प्रवाशांना अचानक शक्ती मिळतात ते, भन्नाट आहे, पण दहावीनंतर.

मराठीत या धाटणीचं मुलांसाठी फार नाही. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ मात्र जरूर द्या. यंत्रमानवाला किती शहाणं करायचं, हा तिच्यातला प्रश्न मुलांना आता पूर्वीपेक्षा जवळचा वाटतो. आणि फास्टर फेणे. त्याच्याकडे सायकल आणि ‘ट्टॉक्’ यापलीकडे कुठलीही शक्ती नाही, तरी आमच्या कपाटात सर्वांत खिळखिळी झालेली पुस्तकं त्याचीच आहेत.

पुस्तक नुसतं टेबलावर ठेवू नका, आणि ‘काय समजलं सांग’ हे तर अजिबात नको. रात्री जेवणं झाल्यावर ‘एम्बर’चं पहिलं प्रकरण तुम्हीच मोठ्याने वाचा. लीना आणि डून चिठ्ठ्यांची अदलाबदल करतात तिथे थांबा आणि ओटा आवरायला उठा. पुस्तक तिथेच राहू द्या. आमच्या घरी एवढं पुरलं.