सोमवारी पहाटे साडेपाचची तिसरी घंटा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. गेली काही वर्षे जून महिना आला की न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कार सोहळ्याची मी अक्षरशः दिवस मोजत वाट पाहते. नामांकने जाहीर झाली की ती वहीत उतरवून घेते आणि शेजारी माझे अंदाज पेन्सिलीने लिहिते. यजमान म्हणतात, “जी नाटके तू पाहिली नाहीस आणि पाहणारही नाहीस, त्यांना बक्षीस मिळाले काय नि न मिळाले काय!” माझे हे वेड अनाठायी आहे का? शिवाय न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीने न्यूयॉर्कमध्येच एका छोट्या नाट्यगृहात पाहिलेले अतिशय सुंदर नाटक यादीत का नाही, आणि हे पुरस्कार ठरवते तरी कोण?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाचीच्या नाटकापासून सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. टोनी हा ब्रॉडवेचा पुरस्कार आहे, न्यूयॉर्कच्या साऱ्या रंगभूमीचा नव्हे. ब्रॉडवे म्हणजे किमान ५०० आसनांची, ठरवून मान्यता दिलेली ४१ नाट्यगृहे. गंमत अशी की त्यांपैकी मोजकीच त्या नावाच्या रस्त्यावर आहेत. बाकीची आजूबाजूच्या गल्ल्यांत आहेत, आणि एक तर चांगलेच दूर, लिंकन सेंटर या कलासंकुलात आहे. त्यामुळे छोट्या नाट्यगृहातला प्रयोग कितीही रंगला, तरी तो मोठ्या नाट्यगृहात येईपर्यंत टोनीच्या दृष्टीने झालेलाच नसतो. ‘हॅमिल्टन’ हे संगीत नाटक २०१५च्या आरंभी अशाच एका लहान नाट्यगृहात गाजत होते. त्याच वर्षी ते ब्रॉडवेवर आले, आणि २०१६ साली १६ नामांकनांतून त्याने ११ पारितोषिके मिळवली. आपल्या भाचीच्या नाटकाचेही नशीब पुढेमागे उघडू शकेल.

पुरस्कार ठरवण्याची रीत मात्र थोडी गुंतागुंतीची आहे. वर्षभरातली सगळी नाटके पाहून नामांकने काढणारी समिती वेगळी, आणि अंतिम मत देणारे सुमारे ८०० जण वेगळे. या मतदारांत नट, नाटककार, दिग्दर्शक, समीक्षक जसे असतात, तसेच निर्माते आणि गावोगावी नाटकांचे दौरे लावणारेही असतात. ज्या विभागात मत द्यायचे, त्यातली सर्व नाटके पाहिलेली असणे बंधनकारक आहे, हा नियम मला फार आवडतो. परंतु ज्याला पुढच्या वर्षी तेच नाटक आपल्या गावात लावून तिकिटे विकायची आहेत, त्याचे मत निव्वळ रसिकाचे कसे असेल, ही कुरकुर ब्रॉडवेवर जुनीच आहे आणि ती मला निराधार वाटत नाही. तेव्हा अंदाज लिहिताना “उत्तम कोणते” या रकान्याशेजारी “दौऱ्यावर चालेल कोणते” असाही एक रकाना आखून पाहावा.

आता आपल्या वेडाविषयी. अभिनेत्री आणि दिग्दर्शिका अँटोइनेट पेरी १९४६ साली वारल्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ ६ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात हा सोहळा पहिल्यांदा झाला. ‘टोनी’ हे त्यांचेच लाडके नाव. तेव्हा पदकही नव्हते. मानपत्राबरोबर पुरुषांना सिगारेट लायटर आणि स्त्रियांना पावडरची डबी दिली गेली. एका बाजूला हास्य आणि शोक यांचे मुखवटे असलेले पदक १९४९ साली आले, आणि १९६७पासून सोहळा दूरचित्रवाणीवरून अमेरिकेत घराघरांत दिसू लागला. नाट्यगृहापर्यंत कधीच पोहोचू न शकणाऱ्या प्रेक्षकासाठी हा सोहळा तेव्हापासून भरतो आहे, आणि आपण त्याच प्रेक्षकांपैकी आहात. नामांकन मिळालेली संगीत नाटके त्या रात्री पूर्ण वेशभूषेत, जिवंत वाद्यवृंदासह एकेक प्रवेश सादर करतात. तेवढी चार-पाच मिनिटे आपण ते नाटक पाहिलेलेच असते.

१२ जून २०१६ची, टोनी सोहळ्याची रात्र त्यासाठी आठवावी. त्याच दिवशी पहाटे अमेरिकेतल्याच ऑरलँडो शहरात झालेल्या गोळीबारात ४९ माणसे मारली गेली होती. ‘हॅमिल्टन’च्या संचाला त्या रात्री युद्धाचे गाणे सादर करायचे होते, आणि एरवी त्यात नटांच्या हातांत बंदुका असतात. त्या रात्री ते बंदुकांवाचून, रिकाम्या हातांनी नाचले. नेहमीचा प्रयोग पाहणाऱ्यांना जे दिसले नाही, ते दूरच्या प्रेक्षकांना दिसले.

गद्य नाटकांच्या वाट्याला मात्र बहुधा धावती ओळखच येते, आणि नेपथ्य व प्रकाशयोजनेसारखी पारितोषिके अलीकडे मुख्य प्रक्षेपणाआधीच उरकली जातात, याचा मला दर वर्षी राग येतो.

यजमानांना उत्तर द्यायचेच असेल, तर घराबाहेर बोट दाखवावे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली आपल्याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. ते पाहिलेले कोणीही आज हयात नाही, तरी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतोच. न्यूयॉर्कला रविवारी रात्री आठला पडदा उघडतो, तेव्हा आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. पाच वाजताचा गजर लावावा, आणि खोडरबर मात्र निकाल संपेपर्यंत दूर ठेवावा.